ताण अभ्यासाचा की व्यवस्थेचा?

महाविद्यालयातील दिवसांना आपल्याकडे 'सोनेरी दिवस' म्हणण्याची प्रथा आहे. कट्टा, गॅदरिंग, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण अशा आठवणींत मागची पिढी रमते आणि आपल्या मुलामुलींनाही तेच सुख लाभत असेल, असे गृहीत धरते. वैद्यकशास्त्राचे निरीक्षण मात्र वेगळे आहे. मानसिक विकारांची सुरुवात बहुतांशी याच वयात होते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार जडलेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींमध्ये तो चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांश व्यक्तींमध्ये चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, असे त्यातून दिसून आले. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची वर्षे नेमकी याच टप्प्यात येतात.

या वयात घर सुटते, गाव सुटते, शिक्षणाचे माध्यम बदलते, पैशाचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो आणि पुढे काय, हा प्रश्न रोज समोर उभा राहतो. एवढ्या बदलांना एकाच वेळी सामोरे जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'मन खंबीर कर' एवढाच सल्ला पुरेसा ठरतो का, याचा विचार व्हायला हवा. कारण विद्यार्थ्याच्या मनावर परिणाम करणाऱ्या अनेक गोष्टी त्याच्या मनाबाहेरच्या असतात. त्यातील काही तर विद्यापीठाच्या आणि शासनाच्या कार्यालयांतच जन्म घेतात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये ही संख्या १३,८९२ वर गेली. दोन्ही वर्षी राज्यनिहाय यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. २०२२ मध्ये राज्यात १,७६४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. या आकड्यांत शाळकरी मुलांचाही समावेश असतो. त्यामुळे ते केवळ विद्यापीठांचे आहेत, असे मानता येणार नाही. शिवाय अशा मृत्यूमागे क्वचितच एखादे एकमेव कारण असते. पोलिसांच्या नोंदीत एका रकान्यात एक कारण लिहिले जाते. प्रत्यक्षात आजार, कर्ज, अपमान, एकटेपणा अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

आत्महत्या हे या प्रश्नाचे केवळ टोक आहे. त्याखालचा मोठा भाग नोंदीत येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन पाहणीत सहभागी झालेल्या एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे सांगितले. पाहणीत स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांचाच हा आकडा असल्याने तो जपूनच वापरायला हवा. मात्र उद्याचे डॉक्टरही या प्रश्नातून सुटलेले नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरीकडे, उपचार घेणाऱ्यांची संख्या अत्यल्प आहे. बेंगळुरूच्या 'निमहान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. निरनिराळ्या मानसिक विकारांनी त्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले.

ताण आणि आजार

परीक्षेपूर्वी पोटात गोळा येणे, तोंडी परीक्षेच्या वेळी हात थरथरणे, निकालाच्या दिवशी भूक न लागणे हा आजार नव्हे. प्रसंग सरला की असा ताण ओसरतो आणि काही प्रमाणात तो कामाला गतीही देतो. ताण दीर्घकाळ टिकला, त्याचा शेवट कधी होणार हे कळेनासे झाले आणि आपल्या हातात काहीच नाही ही भावना बळावली, की तो घातक ठरू लागतो.

सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टींत रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, एकाग्रता न होणे, सतत थकवा जाणवणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही नैराश्याची प्रमुख लक्षणे होत. चिंताविकारात छातीत धडधड, श्वास अडकल्यासारखा वाटणे, वर्गात वा गर्दीत जाण्याची भीती अशी लक्षणे दिसतात. संशय वाढणे, भास होणे, बोलण्यात असंबद्धता येणे यांसारख्या गंभीर विकारांची सुरुवातही अनेकदा याच वयात होते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

अनिश्चिततेचे ओझे

विद्यार्थ्यांच्या ताणाचे कारण म्हणून परीक्षेकडे बोट दाखवले जाते. मात्र परीक्षा कठीण असण्यापेक्षा ती कधी होणार, निकाल कधी लागणार हे ठाऊक नसणे अधिक त्रासदायक असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल जाहीर होणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काय घडू शकते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवून दिले. उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन मूल्यांकनाचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेला आणि निकाल काही महिने रखडले. परदेशातील वा अन्य विद्यापीठांतील प्रवेश मिळूनही गुणपत्रिका हाती नाही, अशा कोंडीत विद्यार्थी सापडले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात विद्यार्थ्यांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा हिशेब मात्र कोणत्याही चौकशीत मांडला गेल्याचे ऐकिवात नाही.

करोनाच्या साथीत या अनिश्चिततेने कळस गाठला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत, यावरून राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद रंगला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणे बंधनकारक ठरवले, तोपर्यंत विद्यार्थी महिनोन् महिने टांगणीला लागले होते.

याच्या जोडीला एटीकेटी, बॅकलॉग आणि 'वायडी'चे चक्र असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष गेले की त्याचे मित्र पुढच्या वर्गात जातात, वसतिगृहातील जागा धोक्यात येते, शिष्यवृत्ती अडते आणि कॅम्पस मुलाखतींचे दरवाजे बंद होतात. एका विषयातील अपयशाची शिक्षा अशी चारही बाजूंनी मिळत असेल, तर ते अपयश मनाला डोंगराएवढे वाटणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पदवीनंतर अनेक जण स्पर्धा परीक्षांकडे वळतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या तरुणांचे जग याच अनिश्चिततेवर उभे आहे. एप्रिल २०२० मधील राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा लांबणीवर पडत १४ मार्च २०२१ या तारखेला येऊन ठेपली. ती अवघ्या तीन दिवसांवर आली असता पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्यात विद्यार्थी शास्त्री रस्त्यावर उतरले. ती परीक्षा २१ मार्चला झाली. विलंब जेमतेम एका आठवड्याचा होता. संताप मात्र त्याआधीच्या वर्षभराचा होता.

महिन्याचा हिशेब

मानसिक आरोग्याच्या चर्चेत पैशाचा विषय सहसा मागे पडतो. वास्तविक खोलीचे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेचे शुल्क, पुस्तके आणि प्रवास यांचा मेळ घालताना विद्यार्थ्याची जी ओढाताण होते, तिचा मनाशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षी मराठवाडा आणि विदर्भातून पुण्यात शिकायला आलेल्या अनेक विद्यार्थ्यांची मेसचे पैसे भरतानाही तारांबळ उडाली होती. शेतातले पीक जळाल्याची झळ अशी तीन-चारशे किलोमीटरवरच्या वसतिगृहापर्यंत पोहोचते. घरून पैसे मागायची लाज आणि न मागता भागत नाही ही अवस्था, यांतून निर्माण होणारी अपराधी भावना अनेक विद्यार्थी कोणाजवळही बोलून दाखवत नाहीत.

शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणे हा या दुखण्याचा दुसरा भाग होय. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना गेल्या काही वर्षांत वारंवार आंदोलनाचा मार्ग पत्करावा लागला. संशोधनासाठी ज्या वेळेची आणि स्वस्थतेची गरज असते, ती अर्ज, हमीपत्रे आणि मंत्रालयाच्या चकरा यांत खर्ची पडते.

काही चांगले निर्णयही झाले आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्यात आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवलेल्या 'कमवा आणि शिका' या कल्पनेवर आजही अनेक विद्यापीठांत योजना चालते. स्वतःच्या कष्टाचे चार पैसे हाती आले की आत्मसन्मानही टिकतो, हा त्या योजनेचा न मोजला जाणारा लाभ आहे.

भाषेची भिंत

दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या पाचांत असलेला विद्यार्थी अभियांत्रिकी, वैद्यकीय वा विधी महाविद्यालयात येतो आणि पहिल्याच आठवड्यात गप्प होतो. विषय समजत नाही, की भाषा समजत नाही, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. शंका विचारली तर इंग्रजीतील चुकीला वर्ग हसेल, या भीतीने तो मागच्या बाकावर सरकतो. गावात हुशार म्हणून ज्याचे नाव होते, त्याच्या मनात 'आपण इथे बसण्याच्या लायकीचे नाही' हा विचार घर करतो. पहिल्या सत्रात भाषेचे पूरक वर्ग आणि मराठीत शंका विचारण्याची मुभा दिली, तर यातील बराचसा त्रास टळू शकतो. त्याला फारसा खर्चही येत नाही.

वसतिगृह, झोप आणि एकटेपणा

तरुण प्रौढांना दररोज सात ते नऊ तासांची झोप आवश्यक असते. वसतिगृहात चार जणांच्या खोलीत दिवा कोणी मालवायचा, यावरच एकमत होत नाही. त्यातच हातातील मोबाइल रात्रीचा मोठा भाग गिळून टाकतो. अपुऱ्या झोपेने नैराश्य आणि चिंता वाढतात, आणि चिंतेमुळे झोप उडते. या दुष्टचक्रातून सुटण्यासाठी चहा, सिगारेट किंवा दारूचा आधार घेतला जातो. त्याने क्षणभर बरे वाटते. मूळ दुखणे मात्र बळावते.

शहरात शेकडो मुलांच्या गराड्यात राहूनही एकाकी असणारे विद्यार्थी कमी नाहीत. समाजमाध्यमांवर इतरांच्या नोकऱ्या, सहली आणि यशाची छायाचित्रे पाहताना आपणच मागे राहिलो, ही भावना अधिक गडद होते. प्रेमभंग, घरातील आजारपण, लग्नासाठी येणारा दबाव, आपल्या लैंगिकतेविषयी कोणाशी बोलता न येणे अशी कारणेही या वयात मोठे घाव करून जातात. 'एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडायचे' असे म्हणून ती मोडीत काढू नयेत.

छळ आणि भेदभाव

महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पुढे २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. तरीही 'थोडी गंमत' या नावाखाली नवागतांचा छळ होत असल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

जात, धर्म, आदिवासी ओळख किंवा अपंगत्व यांवरून होणारी अवहेलना अधिक छुपी असते. प्रवेश परीक्षेतील गुण विचारून प्रवर्ग शोधणे, प्रकल्पाच्या गटात सामावून न घेणे, मार्गदर्शकाने भेट टाळणे याची तक्रार कागदावर उतरवणे कठीण असते. २०१६ मध्ये हैदराबादमध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. समान संधीसाठी आयोगाने २०१२ मध्ये केलेल्या नियमांची अंमलबजावणी व्हावी, ही त्यांची मागणी होती. नियम असूनही ते अमलात आणण्यासाठी मातांना न्यायालयात जावे लागते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा आणि आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतो. आरोग्य विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांचाही समावेश करणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. २४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. रॅगिंग, जातीय आणि लिंगाधारित भेदभाव, अभ्यासाचे दडपण आणि आर्थिक भार अशा कारणांचा शोध घेण्याचे काम या दलाकडे सोपवण्यात आले. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक सूचना जारी केल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळकपणे लावावेत आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या पाल्याच्या महाविद्यालयात हे झाले आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

समुपदेशक हवाच. मात्र हजारो विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक नेमून आणि वर्षातून एकदा व्याख्यान ठेवून जबाबदारी संपत नाही. निकाल वेळेवर लावणे, शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला देणे, तक्रारींचा निर्णय ठरावीक मुदतीत करणे ही कामे परीक्षा विभागाची आणि लेखा विभागाची आहेत. त्यांच्याकडेही मानसिक आरोग्याचे काम म्हणूनच पाहिले पाहिजे.

मदत कशी करावी, कुठे मिळवावी?

विद्यार्थ्याने वर्ग बुडवणे, मित्रांना टाळणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही' अशी भाषा वापरणे याकडे जवळच्यांनी दुर्लक्ष करू नये. अशा वेळी 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. तसे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि ताबडतोब डॉक्टरांची मदत घ्यावी. कोणालाही न सांगण्याचे वचन मात्र देऊ नये.

पालकांनी फोनवर 'अभ्यास झाला का?' याआधी 'जेवलास का, झोप झाली का?' हे विचारावे. शेजारच्यांच्या मुलाशी तुलना टाळावी. एखादे वर्ष वाया गेले तरी घरचे दार उघडे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मुले ते गृहीत धरत नाहीत. औषधे सुरू झाली असतील, तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला बहुधा काही आठवडे लागतात.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये असून तेथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतही अल्प खर्चात उपचार मिळतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली 'आयपीएच' ही संस्था मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून सातत्याने काम करीत आली आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. ते गाठायचे, तर येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला वेळापत्रक, शिष्यवृत्ती आणि दाद मागण्याची जागा या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हव्यात. अभ्यासाचा ताण तो पेलू शकेल. इतरांच्या हलगर्जीपणाचा ताण त्याने का पेलावा, याचे उत्तर विद्यापीठांनी आणि शासनाने द्यायचे आहे.